दोंगचिमीचा तिसरा वाडगा

१४ नोव्हेंबर १९७६. ऊन, पण बोचरा वारा.

दोंगचिमीसाठी साठ मुळे. धुवून, मिठात घोळवून, रांजणात रचून, रांजण अंगणात गळ्यापर्यंत पुरून झाला. हातांची सालटी निघालीत आणि पेन धरवत नाही, पण आज लिहायलाच हवं. आजपासून माझं स्वतःचं काहीतरी सुरू झालं.

पुढची खोली आता खानावळ. चार बैठी टेबलं बरोबर मावली. माझ्या हेरानचे बाबा तिकडे सौदीच्या वाळवंटात रस्ते बांधतायत, अजून दीड वर्ष यायचे नाहीत. तोवर मी काय नुसती पत्रांची वाट बघत बसू? सासूबाईंना मागच्या खोलीत हलवलं. ती खोली कित्येक वर्षं पोती आणि अडगळ ठेवायलाच होती. मिस्त्री म्हणाला, वसंतापर्यंत सवड नाही. मग मीच बाह्या सरसावल्या. जमीन उकरली, चुलीचा धूर जिथून जाऊन जमीन तापवतो त्या खालच्या वाटा साफ केल्या, दगड बसवले, माती लिंपली, वरून तेलकागद चिकटवला. दहा दिवस गुडघ्यांवर. परवा कोळशाची वडी पेटवली आणि तासाभरात जमीन अशी मस्त तापली की हेरान लोळायलाच लागली. शेजारच्या पार्लरवाल्या ओकसिमताई म्हणाल्या, बाईमाणसाने जमीन घातलेली कधी ऐकली नाही बाई. मी म्हटलं, आता ऐका.

सासूबाईंनी जमिनीवर हात फिरवून पाहिला. चांगलं म्हणायला त्यांची जीभ उचलतच नाही. नावं ठेवायला मात्र तयार. दिवसभर रांजणाशेजारी पाटावर बसून चाललं होतं: मीठ वाटीने नको, मुठीने घाल. लसूण ठेचू नकोस, कापडात बांध. आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं. आमच्याकडे म्हणजे प्योंगयांगच्या अलीकडचं सोलमे. लढाईच्या हिवाळ्यात ते गाव सुटलं त्याला आता सव्वीस वर्षं होतील.

पण खोटं कशाला लिहू? दोंगचिमीच्या गार खाऱ्या पाण्यात बुडवलेल्या कुट्टूच्या शेवया अख्ख्या वोन्जूत त्यांच्याइतक्या कुणालाच कळत नाहीत. बस स्टँडवर उत्तरेकडचे म्हातारे घोळका करून बसलेले असतात, त्या चवीसाठी तडफडणारे. मला पाटीवर लिहायचंय, ‘सोलमेच्या शेवया’. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “गावाचं नाव मी चव घेऊन देईन. तोवर पाटी कोरी ठेव.”

ठेवते. मी दक्षिणेची, तिखटजाळ खाणाऱ्यांतली, म्हणून काय झालं? सर्वांत लहान दिवसाच्या सणाआत त्यांच्या तोंडून हो म्हणवून घेईन. अकरा वर्षं या घरात राबतेय. “छान झालंय” एवढे दोन शब्द एकदाही कानावर आलेले नाहीत.

२१ नोव्हेंबर. ढगाळ.

सोयाबीन शिजवून, कुटून, मेजूच्या विटा थापल्या. अठरा झाल्या. गवताच्या दोरीने बांधून मागच्या खोलीच्या आढ्याला टांगल्या, कारण तीच खोली सगळ्यांत उबदार. बुरशी धरायची तर ऊब हलता कामा नये. म्हणून खिडकीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि चुलीचं हवेचं भोक बोटभर ठेवून बाकी बुजवलं. आता एक वडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावकाश धुमसते.

सासूबाई म्हणाल्या, एवढं बंद करू नकोस, खोलीला श्वास हवा. मी म्हटलं, आई, वर्षाचं सोयाचं पाणी आणि आंबवलेलं वाटण तुमच्या डोक्यावर टांगलंय, ते बिघडलं तर वर्षभर काय खायचं? त्या वर बघत म्हणाल्या, ते माझ्या डोक्यावर पडलं तर तुमचं तुम्ही बघा. हेरान खदाखदा हसली. मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

२८ नोव्हेंबर. ढगाळ, वारा अजिबात नाही.

सासूबाई उशिरा उठल्या. कधी नव्हे ते. मी न्याहारीचं ताट घेऊन गेले तर भिंतीला टेकून बसलेल्या, तोंड सुजल्यासारखं. म्हणाल्या, डोकं जड झालंय, मळमळतंय. मग हळूच म्हणाल्या, “ही खोली बरी नाही गं, पोरी.”

झालं. पुढची खोली सोडावी लागल्याचा राग असा निघणार हे मला ठाऊकच होतं. मी म्हटलं, मेजूचा वास आहे तो, चार दिवसांत सवय होईल. खरंच आत शिरलं की वासाने नाक बंद होतं, ओल्या मोज्यांचा ढीग असावा तसा. वाकून जमिनीपाशीही हुंगून पाहिलं. मेजूच. दुसरं काही नाही.

दुपारी अंगणात बसल्यावर त्या ठीक झाल्या आणि कोबीच्या किमचीत मी मासळीचा खार जास्त घातला म्हणून पुन्हा सुरू झाल्या.

५ डिसेंबर. कडक ऊन, सोसाट्याचा वारा. चूल भडभड पेटतेय.

रांजण उघडला. बर्फाची पातळ साय फोडून पहिला वाडगा काढला. मला तर इतकं आवडलं की डोळे मिटले. गार, आंबूस, जिभेवर चिमटा काढून जाणारं. दोन्ही हातांनी सासूबाईंसमोर धरला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, वाडगा खाली ठेवला.

“पाणी,” म्हणाल्या.

एवढंच. जाऊन सोयाच्या बरण्यांमागे उभी राहिले आणि रडले. बत्तीस वर्षांची घोडी मी, मुळ्याच्या पाण्यासाठी रडले. सण सतरा दिवसांवर आलाय.

८ डिसेंबर. ढग खाली उतरलेत. धूर अंगणातच रेंगाळतोय.

आज कधी एकदा लिहिते असं झालं होतं. सकाळी मागच्या खोलीतून हाक आली. गेले तर सासूबाई आडव्याच. म्हणाल्या, दोंगचिमीचं पाणी आण. स्वतःहून! मी धावत गेले, धावत आले. त्यांनी अख्खा वाडगा एका दमात संपवला. थेंब ठेवला नाही. मी विचारलं, कसं झालंय आई? त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते नीट कळलं नाही, पण नाही असती तर वाडगा रिकामा झाला नसता.

मी एवढी हसले की हेरान विचारायला लागली, बाबांचं पत्र आलं का.

९ डिसेंबर. कालसारखंच.

दोन वाडगे!

पण लगेच पुन्हा तेच टुमणं, खोली बरी नाही, खिडकी उघड. आता मात्र माझा तोल गेला. म्हटलं, आई, मी दहा दिवस गुडघे फोडून ही जमीन घातली, तुमच्या पाठीला ऊब मिळावी म्हणून घातली, तुम्हाला माझ्या हातची एकही गोष्ट का चालत नाही? बोलता बोलता रडू फुटलं. सासूबाई गडबडल्या. त्यांनी माझा हात धरला, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि म्हणाल्या, बरं बरं, नाही म्हणत मी काही, जमीन चांगली आहे.

जमीन चांगली आहे असं म्हणाल्या. इथे लिहून ठेवते.

१३ डिसेंबर. बर्फ, वारा.

माणसाचं काही कळत नाही. आज सासूबाई पहाटेच उठून टुणटुणीत. मी न मागता वाडगा नेला तर चमचाभर चाखला आणि म्हणाल्या, मुळा अजून कच्चा आहे, पाणी मुळ्याला भेटलेलंच नाही. मग परवापर्यंत दोन-दोन वाडगे कोण पीत होतं? एकूण असं दिसतं की वादळवाऱ्याच्या दिवशी यांच्या अंगात येतं आणि ढगाळ दिवशी या कोकरासारख्या मऊ होतात. ढगाळ दिवशीच चव विचारायला हवी.

१६ डिसेंबर. ढगाळ, दमट.

आज मनात भीती शिरलीय. सकाळी हेरान आजीला उठवायला गेली तर आजीने तिला “सुनबोक” अशी हाक मारली. सुनबोक म्हणजे त्यांची लेक. पळापळीत नदीवर गर्दीत हात सुटला तो सुटलाच, सहा वर्षांची होती. हेरानही आता सहाची. घरात हे नाव कुणी काढत नाही. मी आत गेले तर सासूबाई माझ्याकडेही ओळख नसल्यासारख्या बघत होत्या, गाल मात्र तरुण मुलीसारखे लालबुंद. दोन वाडगे पिऊन, अंगणात बसून, तासाभराने भानावर आल्या. मी विचारलं तर काही आठवत नव्हतं.

मेलेल्या लेकी हिवाळ्यात हाका मारतात म्हणतात.

१७ डिसेंबर. ढगाळ.

ओकसिमताईंना सांगितलं आणि चूक केली. त्या कात्री खाली ठेवून म्हणाल्या, “अगं हेरानच्या आई, कोळशाचा वायू तर नाही ना येत खोलीत? वायू लागलेल्याला दोंगचिमीचंच पाणी पाजतात, हे काय तुला सांगायला हवं?”

नको सांगायला. ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण सासूबाई उत्तरेच्या आहेत, दोंगचिमी त्यांच्या रक्तात आहे, आणि मुख्य म्हणजे ती माझी दोंगचिमी चांगली झालीय म्हणून पितात. हे ओकसिमताईंच्या पोटात का दुखतंय? त्यांच्या सासूने तर त्यांच्या हातचा भातही कधी गोड मानला नाही.

घरी आल्यावर तरी हुंगून पाहिलं. पोटावर पालथी पडून कानाकोपरा हुंगला. मेजू, मेजू आणि मेजू. विटांवर पांढरी बुरशी इतकी सुरेख धरलीय. तेलकागद उचलून बघायचा तर चूल विझवावी लागेल, खोली गार पडेल, बुरशी काळी होईल, आणि खानावळ पाच दिवसांवर. शिवाय बघायचं काय? जमीन मीच घातलीय. वायू येत असेल तर तो माझ्या हाताने येतोय असा अर्थ होईल. तसं नाहीये. सण होऊ दे, मग मिस्त्रीला बोलावते म्हणजे ओकसिमताईंचंही समाधान होईल.

खोलीतून बाहेर येताना दिसलं, सासूबाईंनी दाराच्या कागदाला बोटाने भोक पाडलंय. पोरासारखं! मी पेज लावून दुहेरी कागद डकवला आणि आतून रजई टांगली. त्या बघत होत्या.

२२ डिसेंबर. ढगाळ, धुकं. वर्षातला सर्वांत लहान दिवस.

लाल चवळीची पेज शिजवली, तांदळाच्या गोळ्या सोडल्या आणि खाण्याआधी दारोदार शिंपडली, वाईट जे काही असेल ते बाहेर राहावं म्हणून. चौकटीवर, चुलीवर, रांजणांवर. मागच्या खोलीच्या दारावर तर दोनदा शिंपडली. सुनबोकचं नाव घेऊन मनातल्या मनात सांगितलं, तुझी आई आमच्याकडे सुखात आहे, तिला बोलावू नकोस.

आणि खानावळ उघडली. अकरा माणसं आली. दोन म्हातारे उत्तरेचे, एकाने वाडगा तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ खालीच ठेवला नाही. मग मिशा पुसत विचारलं, आत कोण आहे, कुठल्या गावची आहे? माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सासूबाईंना उठवलं नाही. त्यांना उठून बसवतच नव्हतं. भिंतीला टेकवून बसवल्या, तर “आण, आणखी आण” करत तीन वाडगे प्यायल्या. तीन! तिसरा संपला तेव्हा मी त्यांच्या पुढ्यात गुडघे टेकून विचारलं, आई, आता पाटी लिहू ना? त्यांनी माझ्या गालाला हात लावला. जीभ जड झाली होती. “लिही,” म्हणाल्या, “लिही गं, हसतेस तेव्हा बरी दिसतेस.”

रंगाऱ्याला तशीच धावत जाऊन सांगून आले. परवा पाटी देतो म्हणाला. अकरा वर्षांनी मी या घराची सून झाले.

२३ डिसेंबर. ढग, वारा नाही, गारठा वाढतोय.

घाईत लिहितेय. दुपारच्या बातम्यांनंतर रेडिओवरची बाई म्हणाली, आज हवा कोंदट आहे, चुलीची आणि धुराड्याची काळजी घ्या. मी वडी बदलली आणि भोक आणखी थोडं बुजवलं, म्हणजे वडी लवकर संपायची नाही.

हेरानला सर्दी झालीय. पुढच्या खोलीत दार सारखं उघडतं, गिऱ्हाइकं येतात-जातात, पोर काकडते. म्हणून तिला आजपासून आजीजवळ झोपवायचं ठरवलं. घरातली सगळ्यांत उबदार जमीन आहे ती. आणि कमालच झाली, सासूबाई नाही म्हणाल्या. “पोरीला इथे नको. माझ्याजवळ नको.” नातीला असं म्हणतात? हेरानचे डोळे भरून आले. मला इतका राग आला की मी सरळ तिचं अंथरूण आत नेऊन टाकलं. सासूबाईंनी उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही. मग त्यांनी हेरानला अंथरूण दाराच्या बाजूला घ्यायला लावलं, तिथे जमीन जराशी गार आहे. माझ्यावरचा राग पोरीवर काढायचा, दुसरं काय.

उद्या त्यांच्यासाठी आधीच एक वाडगा भरून दारात ठेवते.

३० डिसेंबर.

सात दिवस या वहीला हात लावला नाही. हवा कशी होती ते आठवत नाही.

चोवीस तारखेला सकाळी मी वाडगा घेऊन गेले. दार उघडेना. त्याच्या कागदाला खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मोठं भगदाड पडलेलं होतं. माझा दुहेरी कागद आतून नखांनी फाडलेला. भगदाडात हेरानचं तोंड होतं. अर्धं बाहेर. ओठ चेरीसारखे लाल. मी जोर लावून दार ओढलं तेव्हा ती माझ्या पायांवर कलंडली आणि तिच्या मागे सासूबाई, पालथ्या, दोन्ही हात पोरीच्या पाठीवर टेकलेले. सासूबाईंचं अंथरूण खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. ज्या बाईला आदल्या दिवशी उठता येत नव्हतं, ती तिथून सरपटत, पोरीला पुढे ढकलत दारापर्यंत आली होती.

ओकसिमताई किंकाळी ऐकून धावत आल्या. दोघींना गार मातीवर पालथं घातलं. मी पाणी पाजलं. तेच पाणी, जो वाडगा घेऊन आले होते तोच. हेरानला उलटी झाली आणि ती रडली. सासूबाईंच्या तोंडात ओतलं ते ओठांच्या कडेने बाहेर आलं. पुन्हा ओतलं. पुन्हा बाहेर आलं. ओकसिमताईंनी माझ्या हातातून वाडगा काढून घेतला तेव्हा रांजण अर्धा झाला होता म्हणतात.

मिस्त्री आता आला. त्याला आता सवड झाली. तेलकागद उचलला. माझ्या लिंपलेल्या मातीत चुलीपासून भिंतीपर्यंत भेग होती, त्यात माझी करंगळी जात होती. तो बिचारा म्हणाला, ओली माती घाईने तापवली की असं होतं, नवख्याला कळत नाही. मेजूच्या विटा अजून वर टांगलेल्या आहेत. बुरशी सुरेख धरलीय.

हेरानच्या बाबांना तार केली, “आई गेल्या.” कशाने ते लिहिलं नाही. पत्रात लिहीन. कसं लिहू ते माहीत नाही, पण मीच लिहीन, ओकसिमताईंना लिहू देणार नाही. पाटी आली होती. रंगाऱ्याला परत न्यायला सांगितलं.

हेरानला काल दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, पोर वाचली, दाराजवळ होती म्हणून. ती हळू बोलते, शब्दाशब्दाला थांबते, होईल बरी म्हणाले. आज तिला भाताची पेज भरवत होते. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती सहा वर्षांच्या पोरीला विचारावी की नाही हे ठरवता येत नव्हतं. शेवटी विचारलंच. आजी रोज सकाळी दोंगचिमी प्यायची ना, तिला आवडायची ना गं?

हेरानने तोंडातला घास गालात सरकवला.

“आजी नाक दाबून प्यायची,” ती म्हणाली. “डोकं फुटायचं ना तिचं, म्हणून. खारट झालीय म्हणायची. पण तुला सांगायचं नाही म्हणाली. तू वाडगा रिकामा बघून हसायचीस ना, म्हणून.”

मग पेजेचा घास गिळून तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आता सांगितलं तर चालेल ना.